रणगाड्याच्या इंजिनकक्षाचे पुनरुज्जीवन : आधी पाणी, मग गंज, शेवटी रंग

कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये डंपरांची इंजिने उघडण्यात आणि मिटवण्यात माझी नोकरीची सगळी वर्षे गेली. निवृत्तीनंतर नागपूरच्या कामठी रस्त्यावरील एका संस्थेच्या आवारात उभ्या असलेल्या टी-५५ रणगाड्याचा इंजिनकक्ष पाहण्यासाठी मला बोलावले गेले, तेव्हा हे काम गंज खरवडून रंग देण्यापुरते असेल अशी माझी समजूत होती. मागच्या झडपा उचलल्यावर आत इंजिन दिसण्याआधी आभाळ दिसले, कारण तळाशी वीतभर पाणी साचले होते आणि त्यावर तेलाचा तवंग पसरला होता. माझ्यासोबत सैन्याच्या ईएमई, म्हणजे वाहने आणि यंत्रे दुरुस्त करणाऱ्या, शाखेतून निवृत्त झालेले एक सुभेदारसाहेब होते. त्यांनी वाकून पाहिले आणि एवढेच म्हटले, "याचं बूड कोणीतरी बंद करून टाकलंय, साहेब."

पुढील सर्व कामाचा क्रम त्या एका वाक्याने ठरला. रणगाड्याचे धड म्हणजे जाड पोलादाची, सर्व बाजूंनी वेल्ड केलेली पेटी असते. हवा घेण्यासाठी तिच्या माथ्यावर मोठ्या झडपा असतात आणि पाणी जाण्यासाठी तळाला मोजकीच भोके असतात. ती भोके बुजली की पावसाचे सगळे पाणी आतच राहते. तेव्हा पाणी कोठून येते आणि कोठून जायला हवे, हे शोधण्याआधी ज्याने रंगाचा डबा उघडला त्याला दोन पावसाळ्यांनंतर तेच काम पुन्हा करावे लागते.

परवानगी आणि कामाची मर्यादा

प्रदर्शनात ठेवलेला रणगाडा सैन्याकडून विशिष्ट अटींवर मिळालेला असतो, म्हणून कोणतेही पॅनेल उघडण्याआधी संस्थेकडील मूळ पत्रव्यवहार वाचावा आणि कामाचे स्वरूप लिहून लेखी संमती घ्यावी. आत दारूगोळ्याच्या कप्प्यात किंवा जमिनीवरील कचऱ्यात ओळख न पटणारी कोणतीही वस्तू दिसली, तर तिला हात न लावता काम थांबवून पोलिसांना कळवावे, मग ती वस्तू कितीही निरुपद्रवी वाटो.

त्यानंतर उद्दिष्ट ठरवावे. केवळ स्वच्छ करून जपून ठेवणे ही पहिली पातळी, इंजिन हाताने फिरेल इतके मोकळे करणे ही दुसरी आणि ते प्रत्यक्ष सुरू करणे ही तिसरी. प्रदर्शनातील रणगाड्यासाठी दुसरी पातळी पुरेशी आहे असे माझे मत आहे आणि आम्ही तेथेच थांबलो. सुरू केलेल्या इंजिनाला दर महिन्याला इंधन, बॅटरी आणि जाणता माणूस लागतो, आणि पहिल्या वर्षाचा उत्साह ओसरल्यावर या तिन्हींची तरतूद करणारी संस्था विरळाच.

यंत्राची ओळख

टी-५५ चे उत्पादन सोव्हिएत संघात १९५८ पासून सुरू झाले. वजन साधारण ३६ टन. भारतीय सैन्याने १९७१ च्या युद्धात हा रणगाडा वापरला. त्यातील व्ही-५५ हे बारा सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे डिझेल इंजिन दुसऱ्या महायुद्धातील टी-३४ रणगाड्याच्या व्ही-२ इंजिनाच्या घराण्यातले आहे. त्याची क्षमता ३८.८८ लिटर असून ते ५८० अश्वशक्ती देते आणि कोरडे वजन सुमारे ९२० किलो भरते. सिलिंडरांच्या दोन ओळी ६० अंशांच्या कोनात असतात आणि इंधनपंप त्या दोन ओळींच्या खाचेत बसलेला असतो. हे इंजिन धडात आडवे बसवलेले असते. त्याची ताकद एका मधल्या गिअरपेटीतून, जिला रशियन कारागीर गिटार म्हणतात, क्लचकडे आणि तेथून गिअरबॉक्सकडे जाते. गिअरबॉक्सच्या वर रेडिएटर आणि अगदी मागे पंखा असतो. पंखा माथ्यावरच्या झडपांतून हवा रेडिएटरमधून खाली ओढतो आणि मागच्या बाजूने बाहेर फेकतो.

आपल्याकडे दुसरा रणगाडा असेल तर पुढच्या सूचना जशाच्या तशा लागू करू नयेत. विजयंतामध्ये लेलँड एल-६० हे टू-स्ट्रोक इंजिन आहे, ज्यात एकाच सिलिंडरमध्ये दोन पिस्टन समोरासमोर चालतात आणि दोन क्रँकशाफ्ट असतात. १९६५ मध्ये पाकिस्तानकडून हस्तगत झालेल्या पॅटन रणगाड्यांची इंजिने हवेने थंड होणारी आहेत, त्यामुळे तेथे रेडिएटरचा प्रश्नच येत नाही. आपल्या रणगाड्याचा प्रकार ओळखण्यात शंका असल्यास अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात एक दिवस घालवावा. तेथे निरनिराळ्या देशांचे रणगाडे एका आवारात पाहायला मिळतात.

जागा आणि हंगाम

नागपूरच्या आसपासची जमीन बहुतांश काळ्या मातीची आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावर जॅक लावणे किंवा भार उचललेली हायड्रा क्रेन उभी करणे धोक्याचे असते. रणगाडा काँक्रीटच्या ओट्यावर नसेल तर निदान क्रेनच्या पायांखाली रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर आडवे-उभे रचून घ्यावेत. रणगाडा तिरका उभा असेल तर कोणत्या कोपऱ्याकडे उतार आहे ते पाणसळीने मोजून लिहून ठेवावे. आमचा रणगाडा मागच्या डाव्या बाजूला झुकलेला होता आणि सर्वांत खोल गंजही त्याच कोपऱ्यात निघाला.

काम दसऱ्यानंतर सुरू करावे आणि रंगकाम फेब्रुवारीपर्यंत संपवावे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा उन्हातले पोलाद हाताला चटका देते आणि त्यावर मारलेला प्रायमर पसरण्याआधीच सुकतो. पावसाळ्यात याच्या उलट अडचण येते. पोलादाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंशांनी जास्त असल्याशिवाय रंग लावू नये हा नियम येथे तंतोतंत पाळावा लागतो. जुलैत तशी वेळ मोजकीच मिळते.

धोके, जे आधी समजून घ्यावेत

या भागाला मी मुद्दाम जास्त जागा देत आहे, कारण जुन्या रणगाड्यातले बरेचसे धोके डोळ्यांना दिसत नाहीत. एक्झॉस्टभोवती गुंडाळलेला राखाडी दोरासारखा किंवा कापडासारखा थर, जुन्या गॅस्केटी आणि क्लचच्या पट्ट्या यांत अॅस्बेस्टॉस असू शकतो. तो वायर ब्रशने घासू नये, हवेने उडवू नये आणि झाडूने गोळा करू नये. त्या थरावर साबणाचे पाणी फवारून तो पूर्ण ओला करावा, बारीक कणांसाठीचा गाळणीचा मुखवटा घालून सलग तुकड्यांत काढावा, दोन जाड पिशव्यांत बांधावा आणि घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे सोपवावा. जुन्या रंगात शिसे आणि क्रोमेट असण्याची शक्यता असते, म्हणून तो कोरडा घासण्याऐवजी ओल्या पॉलिश पेपरने किंवा रंग सैल करणाऱ्या लेपाने काढावा.

इंजिनकक्षाला आपोआप आग विझवणारी यंत्रणा जोडलेली असते आणि तिच्या बाटल्या अजून भरलेल्या असू शकतात. इंजिन हवेच्या दाबाने सुरू करण्याचीही सोय असते, आणि तिच्या बाटल्यांतला पूर्ण दाब दर चौरस सेंटिमीटरला १५० किलोपर्यंत असतो. या दोन्ही बाटल्यांचे जोड स्वतः सैल करू नयेत. सैन्यातील किंवा औद्योगिक गॅस सिलिंडरच्या कामातील प्रशिक्षित माणसाकडूनच त्या रिकाम्या करून घ्याव्यात. बॅटऱ्या पहिल्या दिवशीच काढाव्यात. इंधनाच्या टाकीजवळ, ती वर्षानुवर्षे रिकामी असली तरी, वेल्डिंग किंवा ग्राइंडर नको, कारण रिकाम्या टाकीत राहिलेली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातक ठरते.

माथ्यावरच्या झडपा अतिशय जड असतात. त्या उघड्या ठेवताना मूळ अडणीवर विसंबू नये, बाजूला लोखंडी नळीचा टेकू द्यावा. आत उतरणाऱ्या माणसासोबत बाहेर दुसरा माणूस कायम असावा, आणि द्रावके वापरत असाल तर आत हवा खेळवणारा पंखा चालू ठेवावा. विदर्भातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको, तरीही सांगतो की बंद, थंड आणि ओलसर पेटीत साप असू शकतो. प्रत्येक सकाळी हात घालण्याआधी टॉर्चच्या उजेडात तळ पाहावा.

पाण्याचा शोध

पहिले प्रत्यक्ष काम धडाखाली आडवे होऊन करायचे आहे. तळाच्या पत्र्यात तेल, पाणी आणि इंधन सोडण्यासाठी बूच असलेली भोके आणि झाकणे असतात. आमच्या रणगाड्याची ती दिसतच नव्हती, कारण पूर्वी कोणा कंत्राटदाराने धडाला डांबरासारखा जाड काळा लेप फासला होता आणि त्याखाली बुचे गडप झाली होती. सुभेदारसाहेबांनी हातोडीच्या मागच्या टोकाने ठोकत ठोकत आवाजातला फरक ऐकून तीन बुचे शोधली. लेप खरवडल्यावर प्रत्येक बुचाभोवती गोल खाच मोकळी केली आणि त्यात दोन दिवस गंज सैल करणारे तेल सोडत राहिलो.

बूच उघडताना खाली पिंप आणि पसरट परात ठेवावी. पहिल्यांदा पाणी येते, मग दुधी रंगाचे तेलपाणी आणि शेवटी काळा गाळ. हे मिश्रण जमिनीत सोडू नये. तेल वर तरंगू द्यावे, वेगळे करावे आणि वापरलेले तेल घेणाऱ्या परवानाधारकाकडे द्यावे. गाळ निघाल्यावर त्या भोकातून हात घालून टॉर्शन बारच्या आजूबाजूच्या खाचा तपासाव्यात. हे बार, म्हणजे चाकांना स्प्रिंगसारखा आधार देणारे पोलादी दांडे, धडाच्या तळावरून आडवे गेलेले असतात आणि त्यांच्यामध्ये माती साचली की पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात जातच नाही. आम्हाला तेथे पिंपळाची पाने, चिमणीच्या घरट्यातील काड्या आणि एक जुना तेरा-चौदाचा पाना सापडला.

आता पाणी येते कोठून ते पाहावे. कक्ष कोरडा केल्यावर आतील सर्व आडव्या पृष्ठभागांवर टाल्कम पावडरचा अगदी पातळ थर कापडाच्या पुरचुंडीने शिंपडावा, झडपा मिटाव्यात आणि वरून बागेच्या नळीने अर्धा तास पाणी सोडावे. झडपा उघडल्यावर पाण्याच्या वाटा स्पष्ट रेघांसारख्या दिसतात. कोणीतरी या कामासाठी रांगोळी सुचवली होती. ती अजिबात वापरू नये, कारण रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी आणि ती बेअरिंगमध्ये गेल्यास पॉलिश पेपरचे काम करते.

आमच्याकडे तीन वाटा निघाल्या. हवा घेणाऱ्या झडपा चालकाच्या कक्षातून उघड-बंद करता येतात, पण त्यांचा दांडा गंजून अर्धवट उघड्या स्थितीत अडकला होता. दुसरी वाट माथ्यावरील पॅनेलखालच्या रबरी पट्टीतून होती, जिचा भुगा झाला होता. तिसरी वाट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती कोणाच्या लक्षात येत नाही. टी-५५ चा एक्झॉस्ट डाव्या बाजूच्या मडगार्डवर उघडतो आणि त्या तोंडात शिरलेले पाणी नळीतून मॅनिफोल्डमध्ये आणि ज्या सिलिंडरचा व्हॉल्व उघडा राहिला असेल त्या सिलिंडरमध्ये जाते. तेव्हा पुढचे काम सुरू करण्याआधीच एक्झॉस्टच्या तोंडावर पत्र्याची टोपी करून बसवावी.

उतरवणे आणि नोंद

प्रत्येक भाग काढण्याआधी तीन छायाचित्रे घ्यावीत, एक दुरून, एक जवळून आणि एक हात लावलेल्या जोडाचे. खुणेसाठी कागदी चिठ्ठ्या वापरू नयेत. आम्ही पहिल्या आठवड्यात त्या वापरल्या आणि डिझेलमध्ये भिजून बॉलपेनची अक्षरे पुसली गेली, त्यामुळे अकरा नळ्यांची जागा पुन्हा छायाचित्रांवरून शोधावी लागली. नंतर आम्ही अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर आकडे ठोकून त्या तारेने बांधल्या. उघडी राहिलेली प्रत्येक नळी आणि प्रत्येक छिद्र लगेच बुचाने बंद करावे, कापडाने नव्हे, कारण कापडाचा बोळा आत विसरला जातो. शिवाय आपल्याकडे कुंभारीण माशी दोन दिवसांत उघड्या नळीत मातीचे घर बांधते. इंधनटाकीची हवा घेणारी नळी आम्हाला अशीच पक्क्या मातीने बुजलेली मिळाली.

क्रम वरून खाली असावा. माथ्यावरील पॅनेल, मग रेडिएटर आणि ऑइल कूलर, हवा गाळणारे यंत्र, पंख्याचे आवरण आणि शेवटी नळ्या. टी-५५ चे हवा गाळणारे यंत्र धूळ भोवऱ्याने वेगळी करून एक्झॉस्टच्या ओढीने बाहेर फेकते, आणि उरलेली धूळ तेलात भिजलेल्या जाळीत अडकते. या जाळ्या डिझेलमध्ये भिजवून मऊ ब्रशने धुवाव्यात. इंजिन, गिटार आणि गिअरबॉक्स यांच्या पायांखाली पातळ पत्र्या असतात. इंजिन उचलणार असाल तर प्रत्येक पायाखालच्या पत्र्या वेगळ्या पाकिटात ठेवाव्यात, कारण तिन्हींच्या अक्षांची सरळ रेषा त्या पत्र्यांवर अवलंबून असते आणि एका पत्रीची अदलाबदल क्लच खाऊन टाकते. आम्ही इंजिन जागेवरच ठेवले. तळ साफ करण्यास त्याचा अडथळा होतो, पण ९२० किलोचे इंजिन बाहेर काढण्याचा निर्णय केवळ स्वच्छतेसाठी घेऊ नये.

अडकलेला नट सोडवताना जोर करून आटे घालवण्यापेक्षा वेळ द्यावा. गंज सैल करणारे तेल, मग हलका ठोका, मग पाना लावून अर्धा वळसा पुढे आणि पाव वळसा मागे. सोव्हिएत यंत्रावरील सर्व मापे मेट्रिक असल्यामुळे १७, १९, २२ आणि २७ चे पाने येथील कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. इंच मापाचा पाना जवळपास बसतो म्हणून वापरला तर नटाचे कोपरे झिजतात.

स्वच्छता

घट्ट झालेला चिखल आणि तेल आधी लाकडी पट्टीने खरवडावे, नंतर डिझेल ब्रशने लावून तासभर ठेवावे आणि मग साबणाच्या कोमट पाण्याने धुवावे. येथे एक गोष्ट ठळकपणे लक्षात ठेवावी. या इंजिनाचे क्रँककेस अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे आहे आणि कॉस्टिक सोडा अॅल्युमिनियम विरघळवतो. खाणीच्या वर्कशॉपमध्ये लोखंडी भाग कॉस्टिकच्या हौदात बुडवण्याची पद्धत असते, त्यामुळे मदतीला आलेल्या कारागिराचा हात सवयीने तिकडेच जातो. आमच्याकडे तो डबा आवारात आणूच दिला नाही.

जोरदार पाण्याचा फवारा तळावर आणि भिंतींवर चालतो, पण इंजेक्टर, इंधनपंप आणि विजेचे जोड यांच्यावर मारू नये. वाळूचा मारा, म्हणजे सँडब्लास्टिंग, इंजिन आत असताना कोणत्याही परिस्थितीत करू नये. कितीही झाकले तरी वाळू बेअरिंगपर्यंत पोहोचते. धुतल्यानंतर त्याच दिवशी दाबाच्या हवेने प्रत्येक कोपरा सुकवावा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी उघड्या पोलादावर नारिंगी गंजाची साय आलेली दिसते.

इंजिन मोकळे करणे

बरीच वर्षे न फिरलेल्या इंजिनाला स्टार्टर लावून पाहणे ही सर्वांत मोठी चूक आहे. सिलिंडरमध्ये पाणी किंवा तेल असेल तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून बाराही इंजेक्टर क्रमांक लावून काढावेत. त्या छिद्रांतून कॅमेरा घालणारा माणूस मिळाला तर आतील भिंती पाहून घ्याव्यात. आमच्या डाव्या ओळीतील दोन सिलिंडरमध्ये भिंतीवर कडे पडल्यासारखा गंज होता, आणि त्या दोहोंचे एक्झॉस्ट व्हॉल्व उघडे होते.

प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि पातळ तेल यांचे समान मिश्रण थोडे थोडे सोडावे. ओळी तिरप्या असल्यामुळे ते पिस्टनच्या खालच्या कडेलाच जमते, म्हणून दर दोन दिवसांनी पुन्हा सोडत राहावे. आम्ही तीन आठवडे वाट पाहिली. मग गिअर न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करून क्लचच्या बाजूने लांब टामी लावली आणि दोघांनी मिळून एका दिशेला हळूहळू जोर दिला. सुरुवातीला काहीच झाले नाही. सुभेदारसाहेबांनी जोर काढायला सांगितले, उलट दिशेने थोडे ढकलले आणि पुन्हा सरळ दिशेने आणले. टामीचे टोक बोटभर सरकले, आणि आत कोठेतरी ओला कागद फाटल्यासारखा आवाज झाला. त्या दिवशी आम्ही तेवढ्यावरच थांबलो. पूर्ण फेरा व्हायला पाच दिवस लागले. टामीची लांबी वाढवून एकाच दिवसात काम उरकण्याचा मोह टाळावा, कारण अडकलेला व्हॉल्व पिस्टनच्या वाटेत असेल तर जास्त जोराने तो वाकतो. एखादा व्हॉल्व खाली अडकला आहे का, हे झाकण काढून कॅमशाफ्टखालून पाहता येते. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व असल्यामुळे हे काम संयमाचे आहे.

फिरू लागल्यावर इंजेक्टर बाहेरच ठेवून अनेक फेरे द्यावेत, म्हणजे आतील तेल आणि गंजपाणी छिद्रांतून उडून जाते. समोर कोणी उभे राहू नये. त्यानंतर जुने तेल काढून टाकावे. या इंजिनात तेल खालच्या पात्रात न साठता वेगळ्या टाकीत असते, म्हणून ती टाकी, कूलर आणि जोडणाऱ्या नळ्या वेगवेगळ्या धुवाव्या लागतात. नवे तेल एकाच श्रेणीचे आणि जाड घ्यावे. मूळ सोव्हिएत तेलाची स्निग्धता १०० अंशांना १६ सेंटिस्टोकच्या आसपास होती, म्हणजे आजच्या चाळीस ग्रेडच्या वरच्या टोकाला. इंजिन सुरू होण्याआधी तेलाचा दाब चढवणारा विजेचा लहान पंप टी-५५ मध्ये असतो. आम्ही तो स्वच्छ करून बाहेरच्या २४ व्होल्टच्या पुरवठ्यावर चालवला आणि दाबाचा काटा हलल्यानंतरच पुढचे फेरे दिले.

नळ्या, तारा आणि रेडिएटर

या कामात नागपूरचा फायदा होतो. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कोळशाच्या आणि मॉयलच्या मँगनीजच्या खाणींमुळे शहरात आणि वाडीच्या ट्रान्सपोर्ट पट्ट्यात जाड रबरी नळ्या कापून जोड दाबून देणारी, मोठे रेडिएटर उघडून साफ करणारी आणि डिझेल पंप तपासणारी दुकाने आहेत. रणगाड्याचा रेडिएटर पाहून कारागीर दचकत नाही. डंपरचा याहून मोठा असतो. रेडिएटर उलटा करून पाण्याने धुवावा, तळातला गाळ काढावा आणि कमी दाबाच्या हवेवर पाण्यात बुडवून गळती पाहावी. झाळणे लागलेच तर फक्त त्या कारागिराकडूनच करून घ्यावे.

पाण्याच्या आणि तेलाच्या सर्व रबरी नळ्या बदलाव्यात, त्या वरून चांगल्या दिसत असल्या तरी. तारांचे वेष्टण वाकवल्यावर तडकत असेल तर ती तार बदलावी आणि मूळ रंगाची व क्रमांकाची खूण नव्या तारेवर जशीच्या तशी उतरवावी. थंड प्रदेशासाठी दिलेले इंजिन आधी गरम करणारे यंत्रही जपून ठेवावे. नागपूरच्या डिसेंबरात त्याची गरज पडत नाही, पण पाहणाऱ्यांचा पहिला प्रश्न नेमका त्याच्याबद्दल असतो.

गंज आणि रंग

मूळ रंग ओळखण्यासाठी एखाद्या झाकलेल्या जागी रुपयाच्या नाण्याएवढा भाग ओल्या पॉलिश पेपरने तिरपा घासावा. झाडाच्या वर्तुळांसारखे थर दिसतात. आमच्याकडे पाच थर निघाले, आणि सर्वांत खालचा थर वरच्यापेक्षा बराच फिका होता. त्याचे छायाचित्र दिवसाच्या उजेडात, शेजारी रंगपट्टी ठेवून घ्यावे आणि तोच रंग मिसळून घ्यावा.

सैल गंज हाताने काढावा. चांगला चिकटलेला मूळ रंग विनाकारण काढू नये, कारण तोही त्या यंत्राचा पुरावा असतो. खड्डे पडलेल्या भागावर फॉस्फोरिक आम्लाचा द्रव लावून पूर्ण धुवून सुकवावा आणि त्याच दिवशी झिंकयुक्त इपॉक्सी प्रायमरचे दोन हात द्यावेत. तळाच्या खाचांत ब्रशने रंग द्यावा, फवाऱ्याने नव्हे, कारण फवारा खाचेच्या पाठीमागे पोहोचत नाही. बुचांच्या आट्यांवर, टॉर्शन बारवर, रबरावर आणि क्रमांकाच्या पट्ट्यांवर रंग जाऊ देऊ नये. इंजिनाच्या अॅल्युमिनियमला रंग देण्याची गरजच नाही, पातळ तेलाचे कापड फिरवणे पुरेसे आहे. चकचकीत दिसावे म्हणून इंजिनाला रुपेरी रंग मारण्याची सूचना आम्हाला आली होती आणि ती मी मान्य केली नाही.

बसवणे, आणि सुरू करायचेच असेल तर

बसवताना क्रम उलटा होतो, एवढेच. मात्र माथ्याचे पॅनेल बसवण्याआधी त्याखालची रबरी पट्टी नवी लावावी आणि पुन्हा टाल्कम पावडरची चाचणी घ्यावी.

परवानगी असून इंजिन सुरू करायचेच असेल, तर सर्वप्रथम इंधनपंपातील रॅक, म्हणजे इंधन कमी-जास्त करणारी दातेरी सळई, हाताने पूर्ण बंद स्थितीपर्यंत सहज जातो का ते तपासावे. बराच काळ उभ्या असलेल्या डिझेल इंजिनाचा रॅक उघड्या स्थितीत अडकला तर इंजिन बेलगाम होते, आणि इग्निशन नसल्यामुळे चावी फिरवून ते थांबत नाही. म्हणून हवा घेणाऱ्या नळीच्या तोंडाएवढा जाड पत्रा घेतलेला एक माणूस फक्त त्याच कामासाठी उभा ठेवावा. धूर सोडण्यासाठी एक्झॉस्टमध्ये डिझेल फवारण्याची जी व्यवस्था या रणगाड्यात आहे, तिची नळी गळत नाही हेही पाहून घ्यावे. पहिल्या वेळी बाहेरील स्वच्छ डब्यातून इंधन द्यावे, हवा पूर्ण काढावी आणि दाबाचा काटा पडताच बंद करावे.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही तेलाचा पंप चालवतो आणि इंजिनाला हाताने दोन फेरे देतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात तळाची तिन्ही बुचे काढून लाल दोऱ्याने बांधून चालकाच्या आसनावर ठेवली जातात, म्हणजे ती परत लावल्याशिवाय कोणी आत तेल किंवा पाणी भरणार नाही. प्रत्येक भोकाखाली एक मापाचा डबा असतो. मागच्या पावसाळ्यातील पहिल्या मोठ्या सरीनंतर उजवीकडच्या डब्यात काहीच नव्हते, मधल्यात पेलाभर होते, आणि डाव्या कोपऱ्यातल्या डब्यात अर्धा लिटर निघाले, म्हणून येत्या दसऱ्यानंतर त्या बाजूची पट्टी पुन्हा उघडायची आहे.